विकतची गाय, घरची कालवड : जबलपूर परिसरातील गोधनाच्या इतिहासाची साधने

गोठ्यातील एखादी गाय म्हातारी झाली, कायमची भाकड झाली किंवा रोगाने दगावली, की तिची जागा कशी भरून काढावयाची हा प्रश्न गुरे राखणाऱ्या माणसापुढे दर दोनचार वर्षांनी उभा राहतो. त्याची उत्तरे मुळात दोनच आहेत. घरच्या गायीची कालवड वाढवून तिला दावणीला बांधावयाचे, किंवा बाजारातून तयार दुभते जनावर विकत आणावयाचे. वरकरणी हा प्रश्न कृषी-अर्थशास्त्राचा आहे आणि तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे कारण नाही असे वाटण्याचा संभव आहे. परंतु जबलपूर आणि त्याच्या भोवतालच्या नर्मदाखोऱ्यातील गोधनाचा इतिहास पाहू लागले असता एक चमत्कारिक विषमता ध्यानात येते. विकत घेतलेल्या जनावराचा कागद सापडतो. घरी वाढवलेल्या जनावराचा सहसा सापडत नाही. बाजाराची पावती, तगाईचा अर्ज, छावणीचे हिशेब, न्यायालयाचा निवाडा ही सारी साधने खरेदीची आहेत. वाढवलेल्या जनावराचा माग काढावयाचा तर शब्दसंग्रह, कोश आणि कथात्म वाङ्मय यांच्याकडे वळावे लागते. केवळ दप्तरावर विसंबून लिहिलेला इतिहास या प्रश्नाच्या अर्ध्या उत्तराचाच इतिहास राहतो, आणि उरलेले अर्धे वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या वाट्याला येते, हे दाखवण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

जबलपूर निवडण्याचे कारण थोडक्यात सांगितले पाहिजे. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे गेले, पुढे १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला तेव्हा जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांताचे भाग बनले, ते १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत. म्हणजे जवळजवळ शतकभर वर्ध्याचा मराठी शेतकरी आणि जबलपूरचा बुंदेली-हिंदी बोलणारा शेतकरी यांच्यावर एकाच प्रांतिक सरकारचे कायदे चालत होते. गोधनाचे प्रवाहही भाषेच्या सीमा मानीत नव्हते. वर्धा-नागपूरपासून छिंदवाडा, शिवनी, बालाघाटपर्यंत पसरलेली गवळाऊ ही जात त्याची साक्ष आहे. मराठ्यांच्या फौजांना जंगली मुलखातून जलद वाहतूक करता यावी म्हणून ही चपळ, हलक्या अंगाची जात जोपासली गेली, असे परंपरा सांगते.

आता मूळ हिशेब. तो मांडल्याखेरीज पुढील विवेचन अधांतरी राहील. समजा एका गोठ्यात दहा गायी आहेत आणि दोन वेतांत सरासरी पंधरा महिन्यांचे अंतर पडते. वर्षाकाठी आठ वासरे होतील; त्यांतील निम्मी गोऱ्हे. उरलेल्या चार कालवडींपैकी एखादी लहानपणीच जाते, तीन हाती लागतात. गाय पाच वेते दूध देते असे धरले तर दहा गायींच्या गोठ्याला दरवर्षी सुमारे दोन नव्या गायी लागतात. तेव्हा घरच्या पैदाशीवर गोठा चालू शकतो, इतकेच नव्हे तर एखादी कालवड विकायलाही उरते. पण ती विण्याच्या वयाची होईपर्यंत संकरित जातीत अडीच-तीन वर्षे आणि देशी जातीत चार वर्षांच्या आसपास काळ जातो. म्हणजे कोणत्याही क्षणी दहा दुभत्या जनावरांमागे नऊदहा न दुभती तोंडे त्याच गवतावर उभी असतात, आणि गोऱ्हे वेगळेच. खरेदी करणाऱ्याला हे ओझे वाहावे लागत नाही. त्याला एकदम मोठी रक्कम मोजावी लागते, जनावराचा स्वभाव आणि वंश यांविषयी विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो, आणि बाजारातून गायीबरोबर रोगही घरी येण्याचा धोका पत्करावा लागतो. बुळकांडीच्या साथी हिंडत्या आणि विक्रीच्या गुरांबरोबर पसरत, ही गोष्ट १८७१ च्या पशुरोग आयोगाच्या काळापासून सरकारलाही ठाऊक होती. तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. परंतु नवे जनावर काही दिवस वेगळे बांधावे हा जुना शहाणपणा २०२२ च्या लम्पीच्या साथीत पुन्हा आठवावा लागला.

तेव्हा निर्णयाची खरी किल्ली त्या तीन-चार कोरड्या वर्षांत आहे. ती वर्षे कोणाच्या खर्चाने जातात? ज्याला ती दुसऱ्या कोणावर, गायरानावर किंवा जंगलावर, घरातल्या बायकामुलांच्या बिनमोल श्रमांवर किंवा सरकारी जमिनीवर सोपवता येतात तो वाढवतो. ज्याला येत नाहीत तो विकत घेतो. मात्र विकत घेणाराही ती वर्षे टाळू शकत नाही. ती कुठल्यातरी दूरच्या गावात, त्याला न दिसणाऱ्या अंगणात, कोणीतरी भोगलेलीच असतात.

हा हिशेब नवा नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात गोऽध्यक्षाचे प्रकरण आहे. रा. पं. कंगले यांची मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली चिकित्सक आवृत्ती १९६० पासून उपलब्ध झाल्यावर या प्रकरणाचा पाठ अभ्यासकांना निश्चितपणे हाताळता येऊ लागला. त्यात कळप सोपवण्याचे निरनिराळे प्रकार सांगितले आहेत. ‘वेतनोपग्राहिक’ प्रकारात शंभर गुरांमागे गोपालक, दोहक, मंथक वगैरे वेतनावर नेमलेली माणसे असतात. ‘करप्रतिकर’ प्रकारात एकाच माणसाने शंभर जनावरे ठरावीक देण्याच्या बोलीवर सांभाळावयाची असतात, आणि त्या शंभरांत म्हाताऱ्या, दुभत्या, गाभण, विण्याच्या वयाला आलेल्या आणि लहान कालवडी यांचे सारखे भाग असावेत असा दंडक आहे. मला हा दंडक फार बोलका वाटतो. शंभरांत वीसच दुभत्या. राज्य येथे कळपाकडे आजच्या दुधाचे भांडे म्हणून पाहत नाही. म्हातारीची जागा घेणारी कालवड त्याच कळपात उभी असली पाहिजे, हे तो हिशेबातच धरतो. वाढवलेल्या जनावराची नोंद ठेवणारे जे थोडे ग्रंथ आपल्याकडे आहेत त्यांत हा अग्रगण्य मानावा लागेल. पण तो आदर्शाचा ग्रंथ आहे, दप्तर नव्हे, हेही विसरून चालणार नाही.

दप्तराकडे वळले की चित्र लगेच पालटते. शिवकालीन बारा महालांच्या यादीत ‘थट्टी’ म्हणजे गोशाळेचे खाते आहे. म्हणजे राज्यकर्त्याच्या पदरी स्वतःचे गोधन होते. परंतु युद्धाच्या वाहतुकीचे बैल मराठी फौजांनी मोठ्या प्रमाणावर बंजाऱ्यांकडून मिळवले. याच काळात म्हैसूरच्या राज्यात अमृतमहालाचे खाते सरकारी कुरणांवर स्वतःची पैदास करीत होते, आणि टिपूच्या पाडावानंतर ते खाते हाती आलेल्या आर्थर वेलस्लीने १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत त्या बैलांचा भरपूर उपयोग केला. वाढवलेला बैल आणि भाड्याचा बैल यांच्या या सामन्यावरून गाविलगडाच्या पाडावाची कारणे सांगू लागणे धाडसाचे होईल. पण पैदास ही राज्यसंस्थेची शक्ती असू शकते ही जाणीव इंग्रजांनी त्या अनुभवातून घेतली असावी असे मानण्यास जागा आहे.

मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरकडे जाणारा दख्खनचा रस्ता हा बंजाऱ्यांच्या तांड्यांचा मोठा मार्ग होता. १८६७ मध्ये अलाहाबादेकडून आणि १८७० मध्ये मुंबईकडून लोहमार्ग जबलपुरात येऊन मिळाले आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलाची गरज ओसरली. याच लोहमार्गाने पुढे दुभते जनावर शेकडो मैलांवरून शहरात आणून विकणे शक्य केले. दरम्यान १८७८ च्या वनकायद्याने जंगलांचे आरक्षण वेगाने वाढले आणि चराईवर शुल्क व परवाने आले. मंडला, शिवनी, जबलपूर या जिल्ह्यांतील गोंड आणि अहीर-गवळी कुटुंबांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की कालवडीची जी कोरडी वर्षे जंगलाने फुकट पोसली होती त्यांना आता दर लागला. वाढवणे महाग झाले. हा बदल वनखात्याच्या नोंदींत महसूल म्हणून दिसतो, गोधनाच्या इतिहासात मात्र तो क्वचितच धरला जातो.

छावणीने प्रश्नाला दुसरे वळण दिले. १८८३ मध्ये सिद्ध झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात महात्मा फुले यांनी गोऱ्या शिपायांच्या अन्नासाठी होणाऱ्या गायीबैलांच्या कत्तलीचा आणि शेतकऱ्याच्या बैलटंचाईचा संबंध स्पष्टपणे जोडला आहे. त्यांची सूचना विलक्षण व्यवहारी आहे. येथील शेतकऱ्याला पुरेसे बैल होईपर्यंत तरी शिपायांनी शेळ्यामेंढ्या खाव्यात, अथवा परमुलखातून गुरे विकत आणून ती मारावीत, असा कायदा करावा असे ते सुचवतात. त्याच ग्रंथात परदेशांतील उत्तम जातीच्या शेळ्यामेंढ्यांची बेणी सरकारने खरेदी करून आणावी आणि त्यांची येथे पैदास करावी, असेही ते म्हणतात. या दोन सूचना शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे फुल्यांच्या विचारातील एक भेद हाती लागतो. ज्याचा नाश करावयाचा ते विकत आणावे. ज्यातून वाढ करावयाची त्याचे बेणे विकत आणावे आणि संतती मात्र घरी वाढवावी. ‘बेणे’ हा शब्द मुळात उसाचा, हळदीचा. तो जनावराला लावताना फुले खरेदी आणि संगोपन या दोन टोकांना एका शेतकरी शब्दाने बांधतात. गोरक्षणाच्या त्या काळातील वादात हा सूर वेगळा आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही.

फुल्यांच्या ग्रंथानंतर एका वर्षाने, १८८४ मध्ये, शेतकऱ्यांना कर्ज देण्याचा कायदा झाला. बी-बियाणे आणि जनावरे यांच्या खरेदीसाठी तगाई मिळू लागली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांत पिळवटून निघाला. जबलपूरच्या ‘हवेली’ भागात बांध घालून पावसाचे पाणी शेतात साठवण्याची आणि ते सोडून गहू पेरण्याची जुनी पद्धत होती. बैल नाही तर त्या जड काळ्या जमिनीत पेर नाही. अशा वेळी तगाई हा आधार होता हे मान्यच केले पाहिजे. मात्र सरकारी कर्जाची घडण अशी होती की ते विकत घेतलेल्या बैलासाठी सहज देता येई. खरेदीला तारीख असते, किंमत असते, साक्षीदार असतात. गोठ्यातील गोऱ्ह्याला आणखी दोन वर्षे वैरण घालावयाची आहे, यासाठी कर्ज मागणाऱ्याने कागदावर काय दाखवावे? दप्तराची ही मर्यादा हळूहळू धोरणाचीही मर्यादा बनली, आणि स्वातंत्र्योत्तर काळातील दुभत्या जनावरांच्या कर्जयोजनाही बव्हंशी खरेदीच्याच भोवती रचल्या गेल्या.

आता त्या दुसऱ्या साधनाकडे, म्हणजे भाषेकडे येऊ. अमरकोशाच्या वैश्यवर्गात गायीच्या अवस्थांची जी नावे आली आहेत ती पाहण्याजोगी आहेत. एकदाच व्यालेली ती ‘गृष्टि’, नुकतीच व्यालेली ती ‘धेनु’, विऊन पुष्कळ दिवस झालेली ती ‘बष्कयणी’, दरवर्षी विणारी ती ‘समांसमीना’. ही सारी काळाची नावे आहेत. गायीकडे रोज पाहणाऱ्यानेच ती पाडली असणार. मराठीनेही हा वारसा आपल्या परीने चालवला. वासरू, कालवड, पहिलारू, गाभण, दुभती, भाकड. म्हशीच्या बाबतीत पारडू, वगार. नरांमध्ये गोऱ्हा, खोंड, टोणगा. ‘वेत’ हा शब्द तर गायीचे वय मोजण्याचे एकक आहे. गाय किती वर्षांची असे न विचारता कितव्या वेताची असे विचारतात. जबलपूरच्या बोलीत बछिया, पड़िया, ओसर आणि ब्यांत यांची अशीच रांग लागते. ‘ओसर’ म्हणजे विण्याच्या वयाला आलेली पण अद्याप न व्यालेली. नेमकी ती अवस्था, जिचा खर्च सर्वांत जास्त आणि उत्पन्न शून्य.

उलट बाजाराची भाषा वेगळी आहे. ‘हेडी’ म्हणजे गुरांचा दलाल, रुमालाखाली बोटे दाबून होणारा सौदा, दाखला, विसार. हे शब्द संख्येने थोडे आणि अर्थाने नेमके आहेत. ‘दावण मोडली’ असे जेव्हा म्हणतात तेव्हा एक जनावर विकले असा अर्थ नसतो, वाढवण्याची साखळीच तुटली असा असतो. या वाक्प्रयोगाला समांतर असा खरेदीचा वाक्प्रयोग मला मराठीत आढळलेला नाही. येथे एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. वाढवण्याची भाषा समृद्ध आहे म्हणून वाढवणारा सुखी होता असा निष्कर्ष काढणे हा आपल्या ग्रामीण साहित्याच्या समीक्षेतील नेहमीचा घसरडा दगड आहे. ‘अर्धेलीने जनावर देणे’ ही पद्धत घ्या. जनावराचा मालक कालवड एखाद्या गरीब कुटुंबाकडे वाढवायला देतो. ती विण्याच्या वयाला आली म्हणजे तिच्या किमतीचे दोन भाग होतात. हिंदी प्रदेशात हीच ‘अधिया’. कोरडी वर्षे गरिबाच्या अंगणात जातात, वैरण त्याची बायको डोक्यावरून आणते आणि मुलगा शाळा सोडून गुरांमागे फिरतो. अर्धी किंमत हाती आली की निम्मी गाय विकत घेण्याइतकी ती नसते, आणि कालवड सहसा मालकाच्याच दावणीला जाते. भाषा या व्यवहाराला ‘देणे’ म्हणते.

या पार्श्वभूमीवर दोन कादंबऱ्या शेजारी ठेवता येतील. प्रेमचंदांच्या ‘गोदान’ची (१९३६) सुरुवातच गायीच्या खरेदीने होते. बेलारी गावच्या होरीला दाराशी गाय हवी आहे. भोला या गवळ्याकडून ऐंशी रुपयांच्या उधारीवर ती येते, आणि तिच्याबरोबर भावाचा मत्सर, विषप्रयोग, पोलीस, दंड आणि कर्ज हे सारे घरात शिरते. गाय मेली तरी तिची किंमत मरत नाही. शेवटी होरीच्या मृत्यूच्या वेळी धनिया सुतळी वळून मिळवलेले वीस आणे गोदान म्हणून ठेवते, तेव्हा गायीच्या जागी शब्दशः रोख रक्कम येते. होरीने कालवड का वाढवली नाही हा प्रश्न समीक्षेत विचारला जात नाही, कारण त्याचे उत्तर कादंबरीच्या पहिल्या काही पानांतच आहे: कालवड वाढवायला आधी गाय लागते. विकत घेणे हा त्याचा पर्याय नव्हता, तो एकमेव मार्ग होता, आणि कर्जाची सारी यंत्रणा त्या मार्गावर टपून बसलेली होती.

आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) प्रश्न दुसऱ्या टोकाने येतो. नारबा हा शेतावरचा गडी. त्याने वाढवलेली, सांभाळलेली गुरे हाच त्याचा गोतावळा. पण त्यांतील एकही त्याची नाही. ट्रॅक्टर येतो आणि जनावरांची जागा यंत्र घेते. येथे पुनर्भरणाचा प्रश्नच संपवला जातो, कारण रिकाम्या जागी नवे जनावर येणारच नाही. दोन्ही कादंबऱ्या गाय आणि माणूस यांच्या जिव्हाळ्याच्या म्हणून वाचल्या जातात. परंतु होरी मालक आहे आणि वाढवणारा नाही, नारबा वाढवणारा आहे आणि मालक नाही, हा भेद लक्षात घेतला तर या दोन कृतींची तुलना केवळ ‘ग्रामजीवनाचे चित्रण’ या सदराखाली करता येणार नाही. दप्तराला होरीची गाय सापडली असती: देणेघेणे, पंचायत, ठाणे. नारबाच्या बैलांचे मात्र मालकाच्या विक्रीच्या पावतीपलीकडे काहीही सापडले नसते.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्याच्या इतिहासात जबलपूरचे नाव पुन्हा पुढे येते. सेठ गोविंददास हे जबलपूरचे खासदार, हिंदी नाटककार आणि गोवधबंदीचे आग्रही पुरस्कर्ते. त्यांनी लोकसभेत मांडलेल्या गोसंरक्षण विधेयकाला १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी कडाडून विरोध केला. राज्यघटनेच्या अठ्ठेचाळिसाव्या अनुच्छेदात पशुसंवर्धन आधुनिक व शास्त्रीय पद्धतीने करणे, जातींचे जतन व सुधारणा करणे आणि गाय-वासरे व इतर दुभत्या-ओढकामाच्या गुरांच्या कत्तलीला बंदी घालणे ही तिन्ही एकाच वाक्यात आहेत. त्या वाक्यात एक ताण आहे तो पुढे न्यायालयात उघड झाला. २३ एप्रिल १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महंमद हनीफ कुरेशी खटल्याचा निकाल दिला; बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या कायद्यांबरोबर मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा कायदाही त्यात तपासला गेला. गायीच्या कत्तलीवरील पूर्ण बंदी ग्राह्य ठरली, परंतु म्हशी, वळू आणि बैल निरुपयोगी झाल्यावरही मारू नयेत ही बंदी अवाजवी ठरली. याचा गोठ्यातील निर्णयावर परिणाम होणारच होता. विकत घेतलेली गाय भाकड झाली तर तिची शेवटची किंमत वसूल करण्याचा मार्ग कायद्याने बंद झाला. म्हशीचा मात्र उघडा राहिला. शहरातला दूधधंदा म्हशीकडे झुकण्याची कारणे अनेक आहेत, दुधातील स्निग्धांश हे त्यांतील मोठे, पण खरेदी-विक्रीचे चक्र पूर्ण होते की नाही हेही त्यांत धरले पाहिजे. २००४ चा मध्य प्रदेशातील आणि २०१५ मध्ये अमलात आलेला महाराष्ट्रातील कायदा यांनी वळू-बैलांनाही संरक्षण दिल्यावर गोऱ्हा वाढवण्याचा हिशेब अधिकच अवघड झाला.

मुंबईतील तबेले हे खरेदीच्या पद्धतीचे टोक होते. ताजी व्यालेली म्हैस पंजाब-गुजरातकडून रेल्वेने आणावयाची, एक वेत दूध काढावयाचे आणि भाकड झाली की खाटकाला द्यावयाची; पारडू तर काही दिवसांतच मरे. १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या आरे वसाहतीने तबेले शहराबाहेर काढले, चक्र मात्र फारसे बदलले नाही. त्याच सुमारास खेडा जिल्ह्याच्या सहकारी संघाने (१९४६) उलट मार्ग धरला: म्हैस गावातच ठेवून दूध शहरात न्यायचे. कोरडी वर्षे कुटुंबाच्याच गोठ्यात राहिली, पण त्यांची किंमत निदान दुधाच्या दरात मागता येऊ लागली. जबलपुरात दोन्ही पद्धती नांदल्या. सहकारी दूधसंघ आहेच. आणि परियट व गौर या नद्यांच्या काठी म्हशींच्या मोठ्या खाजगी डेअऱ्या वाढल्या, ज्यांचे शेण नदीत जाते म्हणून हरित न्यायाधिकरणापर्यंत वाद गेले. नदीच्या त्या प्रकरणांत कितीतरी कागद जमले आहेत. त्या म्हशी कुठल्या अंगणात वाढल्या, याचा एकही नाही.

वर्ध्यात महात्मा गांधी आणि जमनालाल बजाज यांनी वाढवण्याच्या बाजूने एक संपूर्ण आराखडा मांडला होता. गोशाळांनी दुग्धालये आणि चर्मालये चालवावीत, म्हणजे गायीचे मरणही तिच्या संगोपनाच्या हिशेबात यावे, असा गांधींचा आग्रह होता. बजाजांनी आयुष्याचे शेवटचे महिने गोसेवा संघाच्या कामाला दिले आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते वारले. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर यांनी १९६४ मध्ये गुरांच्या संख्येचा प्रश्न मांडताना या भूमिकेतील दुखरी जागा नेमकी दाखवली: चारा मर्यादित असेल तर नको असलेली जनावरे कापली जावोत वा न जावोत, कोणीतरी उपाशी राहतेच, आणि ती उपासमार आपण पाहत नाही. १९६९ च्या सुमारास त्यांचा आणि के. एन. राज यांच्यासह इतर अभ्यासकांचा जो वाद झाला त्यात गुरांतील नर-मादी प्रमाण हा पुरावा म्हणून पुढे आला. शेतकरी कोणते वासरू वाढवतो आणि कोणत्याकडे दुर्लक्ष करतो हे प्रदेशाप्रदेशांतील त्या प्रमाणावरून ओळखता येते. कागदाबाहेर राहिलेल्या निर्णयाचा माग काढण्याची ही संख्याशास्त्राची रीत होय. आता लिंगनिश्चित वीर्यमात्रेमुळे दहापैकी सुमारे नऊ वासरे मादी मिळवणे शक्य झाले आहे. गोऱ्ह्याचा प्रश्न अशा रीतीने गर्भधारणेपूर्वीच निकालात काढला जातो.

वाढवलेल्या जनावरांचा कागद ठेवणारी एक संस्था मात्र या सर्व काळात होती, आणि ती फुल्यांनी दोष दिलेल्या छावणीतच. पहिले लष्करी फार्म १ फेब्रुवारी १८८९ रोजी अलाहाबाद येथे सुरू झाले. जबलपूरच्या छावणीतही असे फार्म होते. येथे कोरडी वर्षे सरकारी जमीन आणि सरकारी तिजोरी पोसत होती, म्हणून कालवडी वाढवणे परवडत होते. १९८० च्या दशकात लष्कर आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद यांनी मिळून होल्स्टीन फ्रीजियन आणि साहिवाल यांच्या संकरातून ‘फ्रीजवाल’ ही जात घडवण्याचा प्रकल्प हाती घेतला. विदेशी रक्त पाचअष्टमांश आणि तीनशे दिवसांच्या वेतात चार हजार किलो दूध हे उद्दिष्ट. प्रत्येक वासराला क्रमांक, प्रत्येकाची आई आणि बाप नोंदलेले, वजन, पहिल्या वेताचे वय, गोठ्यातून काढून टाकण्याचे कारण. कौटिल्याच्या गोऽध्यक्षाने हे रजिस्टर पाहून समाधानाने मान डोलावली असती. २०१७ मध्ये सरकारने ही फार्मे बंद करण्याचा निर्णय घेतला. बाजारात दूध मुबलक होते आणि ते विकत घेणे सोपे होते. ३१ मार्च २०२१ रोजी दिल्ली छावणीत समारोपाचा कार्यक्रम झाला आणि उरलेली जनावरे निरनिराळी राज्य सरकारे व सहकारी संस्था यांच्याकडे वाटली गेली. वंशावळीची रजिस्टरे दप्तरखान्यात गेली. गायी ज्या गोठ्यांत गेल्या तेथे त्यांना कितव्या वेताची असे विचारले गेले असेल, आणि नवी नावे ठेवली गेली असतील.